न दिसणारे गिऱ्हाईक

पदवी-परीक्षेचा निकाल लागलेला असतो, सरकारी नोकरीच्या दोनचार परीक्षा देऊन झालेल्या असतात, बँकेच्या यादीतून नाव थोडक्यात हुकलेले असते. आणि अशा वेळी गावातील एखाद्या मोटारींच्या शोरूममधून नेमणुकीचे पत्र येते. मग मध्यमवर्गीय मराठी घरात जो संवाद घडतो तो नागपुरात घडो, इंदुरात घडो की बडोद्यात, त्याचे वळण बहुधा एकच असते. "म्हणजे गाड्या विकणार?" असे वडील विचारतात. "तसे नाही, बाबा. इंटरनेटवरून ज्यांची विचारणा येते त्यांच्याशी बोलायचे, त्यांना भाव कळवायचे, गाडी दाखवायला बोलवायचे," असे मुलगा सांगतो. "थोडक्यात, दिवसभर फोनवर बसायचे!" एवढे बोलून वडील वर्तमानपत्र उचलतात. आई मात्र नेमका प्रश्न विचारते: "पगार किती?" आणि याच प्रश्नाचे उत्तर मुलाला धडपणे देता येत नाही, कारण पत्रात मूळ पगाराचा आकडा लहान असतो आणि त्यापुढचा 'इन्सेन्टिव्ह' हा शब्द मोठा असतो.

या संवादात वडिलांची शंका निराधार नसते आणि मुलाची उमेदही पोकळ नसते. दोघांपाशीही नसते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे या कामाची नीट माहिती. मोटारविक्रेत्याच्या पेढीत इंटरनेटवरील विक्रीचा स्वतंत्र विभाग असतो, त्यात माणसे काम करतात, त्या कामाचे एक शास्त्र आणि एक नीती आहे, हे अजून अनेकांच्या ध्यानी आलेले नाही. हा व्यवसाय पत्करावा की पत्करू नये, याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा. परंतु तो करण्यापूर्वी हे काम कोठून आले, ते चालते कसे आणि त्यात माणसाची कसोटी कशाने लागते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मोटार विकण्यासाठी माणसाला काही बोलावे लागते, ही कल्पनाच आपल्या देशात फार जुनी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीनचार दशकांत मोटार घेणाऱ्यापुढे निवड अशी जवळजवळ नव्हतीच. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास तयार होणारी अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कारखान्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, या तिहींत सारा बाजार सामावलेला असे. गाड्या थोड्या आणि मागणी मोठी. तेव्हा १९५९ साली सरकारने मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम काढला. फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ज्याला गाडी मिळे तो पेढे वाटी. ज्याला मिळत नसे तो ओळखी शोधी. अशा काळात विक्रेत्याला गिऱ्हाइकाचे मन वळविण्याचे कारण नव्हते. त्याचे काम यादी सांभाळण्याचे होते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी रस्त्यावर आली. १९९३ साली मोटार-उद्योगाचा परवाना रद्द झाला आणि परदेशी कंपन्यांना दार उघडले. त्यानंतर दहा-बारा वर्षांत चित्र पालटले. रांगेत गिऱ्हाईक उभे असे, तेथे आता गाड्या उभ्या राहिल्या. शोरूमच्या काचा मोठ्या झाल्या, आत गारवा आला, टाय बांधलेला तरुण विक्रेता दारापर्यंत सामोरा येऊ लागला. तथापि या नव्या विक्रेत्यापाशीही एक जुने भांडवल शिल्लक होते. गाडीची खरी किंमत किती, तीत सूट कोठपर्यंत मिळू शकते, शेजारच्या पेढीत काय भाव चालू आहे, हे त्याला ठाऊक असे आणि गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. सौद्यातील त्याचे सारे बळ या अंतरावर उभे होते. इंटरनेटने नाहीसे केले ते हेच अंतर.

हा बदल प्रथम अमेरिकेत घडला, म्हणून या व्यवसायाचा उगमही तेथेच शोधावा लागतो. मोटारींच्या भावात घासाघीस करण्याची रूढी अमेरिकेइतकी क्वचितच कोठे रुजली असेल. पेढीवाला वाटेल ती किंमत सांगे. म्हणून १९५८ साली सेनेटर माइक मन्रोनी यांच्या खटपटीने असा कायदा झाला की, प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखानदाराने सुचविलेल्या किमतीची चिठ्ठी चिकटविलेलीच असली पाहिजे. ती चिठ्ठी आजही मन्रोनींच्याच नावाने ओळखली जाते. पुढे १९६६ पासून एडमंड्स या नावाच्या किंमत-पुस्तिका निघू लागल्या आणि १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती माहिती इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचावयास मिळू लागली. त्याच सुमारास, १९९५ साली, कॅलिफोर्नियात पीट एलिस नावाच्या एका जुन्या मोटारविक्रेत्याने ऑटोबायटेल ही कंपनी काढली. गिऱ्हाइकाने घरबसल्या आपल्याला हवी ती गाडी कळवावयाची. कंपनीने ती विचारणा त्या भागातील एका पेढीकडे पाठवावयाची. आणि पेढीने घासाघीस न करता एक नेमका भाव कळवावयाचा, अशी ही योजना होती.

पेढ्यांपुढे तेव्हा एक साधी अडचण उभी राहिली. दारातून आत आलेल्या माणसाकडे धावणारे विक्रेते पुष्कळ होते. पण कागदावर आलेल्या विचारणेला उत्तर लिहिणारा कोणीच नव्हता. गिऱ्हाईक समोर नाही, त्याचा चेहरा दिसत नाही, त्याने किंमत आधीच वाचलेली आहे. अशा माणसाशी कसे बोलावे हे मुरलेल्या विक्रेत्यांना उमगेना. म्हणून त्या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमणे भाग पडले. इंटरनेट-विक्रीच्या विभागाचा जन्म असा उत्तराच्या गरजेतून झाला. अमेरिकेतील बहुतेक राज्यांच्या कायद्यांनी कारखानदाराला आपल्या पेढ्या डावलून थेट गाड्या विकण्यास मर्यादा घातलेल्या असल्यामुळे हा विभाग कारखान्यात न जाता पेढीतच राहिला आणि तेथेच वाढला.

या नव्या पद्धतीने गिऱ्हाइकाचा लाभ झाला काय, याचा शोध फिओना स्कॉट मॉर्टन, फ्लोरियन झेटलमायर आणि होर्हे सिल्वा-रिसो या तीन अभ्यासकांनी घेतला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे आढळले की, ऑटोबायटेलमार्फत आलेल्या गिऱ्हाइकाला गाडी सुमारे दोन टक्क्यांनी स्वस्त पडली. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेला त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. पेढीत जाऊन गाडी घेणाऱ्या कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषी वंशाच्या गिऱ्हाइकांना इतरांपेक्षा सुमारे दोन टक्के अधिक मोजावे लागत. तीच माणसे इंटरनेटवरून आली असता ही तफावत जवळजवळ नाहीशी होई. पेढीत माणसाचा पोशाख, रंग, बोलण्याची ढब आणि घासाघिशीतील त्याचा भिडस्तपणा यांची नोंद विक्रेता नकळत घेतो आणि भाव त्याप्रमाणे चढतो-उतरतो. न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र सर्वांना लागू असलेलाच भाव सांगावा लागतो. आपल्याकडेही पायांत साध्या चपला घालून शोरूममध्ये शिरलेल्या शेतकऱ्याकडे कोणी लक्ष न दिल्याचे प्रसंग लोकांच्या ऐकण्यात असतात. इंटरनेटवरून आलेल्या विचारणेच्या पायांत चपला आहेत की बूट, हे कोणालाच दिसत नाही. या व्यवसायाची पहिली प्रतिष्ठा येथे आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १९९५ च्या १५ ऑगस्टला. मोटारींचे भाव व तुलना दाखविणारी कारवाले ही संस्था नवी मुंबईत २००५ साली सुरू झाली आणि कारदेखो ही जयपुरात २००८ साली. पुढे प्रत्येक कारखानदाराने आपापले स्थळ उघडले. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात मारुतीसारख्या देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची देशांतर्गत विक्री शून्य होती. शोरूमची दारे बंद आणि विचारणा करण्यास फोनवाचून मार्ग नाही, अशा त्या दिवसांत जे काम पूर्वी पेढीच्या एका कोपऱ्यात चाले ते एकाएकी मध्यभागी येऊन बसले. दारे पुन्हा उघडली, तरी ते काम कोपऱ्यात परत गेले नाही.

प्रत्यक्षात हे काम चालते असे. एखादी शिक्षिका रात्री दहा वाजता, घरातील कामे आटोपल्यावर, आपल्या फोनवर एका गाडीची किंमत पाहते आणि नाव, गाव व क्रमांक लिहून एक कळ दाबते. ही विचारणा व्यवहारात 'लीड' म्हणून ओळखली जाते. कारखानदाराच्या किंवा एखाद्या माहितीस्थळाच्या संगणकातून ती गावातील पेढीकडे येते. आणि पुष्कळदा एकाच पेढीकडे न येता दोघातिघांकडे एकदमच पोचते. पेढीतील तरुणाच्या पडद्यावर ती उमटते. त्याने बाईंना फोन करावयाचा, खरोखर गाडी घ्यावयाची आहे की नुसती चौकशी आहे ते अदबीने जाणून घ्यावयाचे, गाडीचा वापर काय, घरात माणसे किती, रोजचा प्रवास किती, जुनी गाडी द्यावयाची आहे काय, कर्ज काढावयाचे आहे काय, हे विचारावयाचे. लेखी भाव पाठवावयाचा. गाडी चालवून पाहण्याची वेळ ठरवावयाची, आणि ठरलेल्या वेळी गाडी धुऊन, इंधन घालून दारात उभी राहील याची तजवीज करावयाची. बाई 'विचार करून सांगते' म्हणाल्या तर ते कोणत्या तारखेस, याची नोंद ठेवावयाची आणि त्याच तारखेस पुन्हा विचारावयाचे. पुष्कळ पेढ्यांत गाडी दाखविण्याचे व सौदा पुरा करण्याचे काम दुसऱ्या विक्रेत्याकडे सोपविलेले असते; काही ठिकाणी एकच माणूस विचारणेपासून किल्ली हाती देईपर्यंत सारे पाहतो.

या सर्वांत वेळेला विलक्षण महत्त्व आहे. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकात २०११ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील २,२४१ कंपन्यांकडे इंटरनेटवरून विचारणा पाठवून उत्तर केव्हा येते ते तीत मोजले होते. तासाच्या आत उत्तर देणाऱ्या कंपन्या शेकडा ३७ होत्या. शेकडा २३ कंपन्यांनी तर उत्तर दिलेच नाही. आणि ज्या कंपन्या एका तासाच्या आत गिऱ्हाइकापर्यंत पोचल्या त्यांना, त्यानंतर अवघ्या तासाभराने पोचणाऱ्यांच्या मानाने, गिऱ्हाइकाशी खरे बोलणे जुळविण्यात जवळजवळ सातपट यश आले. आलेल्या पत्राला वेळेवर उत्तर देणे हा कचेरीतील सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित सद्गुण होय. या व्यवसायात त्याच सद्गुणाला रोख मोल आहे.

परंतु उत्तर लवकर गेले म्हणजे ते बरोबर गेले असे होत नाही. जाहिरातीत गाडीची जी किंमत दिसते ती 'एक्स-शोरूम' किंमत असते, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून जाते ती 'ऑन-रोड' किंमत. या दोहोंच्या मध्ये राज्याचा मोटार-कर, नोंदणीचे शुल्क, विमा, फास्टॅग आणि गाडी दहा लाखांच्या वरची असल्यास विक्रीच्या वेळी कापून घेतला जाणारा एक टक्का प्राप्तिकर, अशा रकमा असतात. मोटार-कर राज्याराज्यांत निरनिराळा असल्यामुळे एकच गाडी पुण्यात, इंदुरात आणि बंगळुरात वेगवेगळ्या किमतीस पडते. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या गाडीचा त्रयस्थ-हानीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. विमा कोणत्या कंपनीचा घ्यावा याचे स्वातंत्र्य मात्र गिऱ्हाइकाला आहे. तो पेढीतूनच घेतला पाहिजे असे नाही. ज्यांची सारखी बदली होते अशा सरकारी नोकरांना, सैनिकांना आणि चार अथवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांना २०२१ पासून 'बीएच' मालिकेचा क्रमांक घेता येतो, आणि त्यांना कर दोन दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरण्याची सोय आहे. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना ही माहिती उपयोगाची आहे. आणि ती त्यांना न विचारता सांगणारा विक्रेता त्यांच्या कायमचा स्मरणात राहतो.

कसोटीचा प्रसंग कसा येतो, याचे एक अलीकडचे उदाहरण घेण्याजोगे आहे. २०२५ च्या १५ ऑगस्टला वस्तू व सेवा कराचे दर दिवाळीपर्यंत उतरविले जातील अशी घोषणा पंतप्रधानांनी केली. ३ सप्टेंबरला निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून लहान मोटारींवरील कर २८ टक्के व अधिभार यांवरून १८ टक्क्यांवर आला. लहान मोटार म्हणजे लांबीने चार मीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० व डिझेलचे असल्यास १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत. आता, ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात विचारणा करणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगावयाचे? महिनाअखेर आलेली, ठरलेल्या गाड्यांपैकी दोन कमी, व्यवस्थापक दर तासाला आकडा विचारतो आहे, आणि दुसऱ्या टोकाला एक माणूस विचारतो, "आताच घेऊ की थांबू?" 'आताच घ्या, पुढचे काही निश्चित नाही' हे उत्तर शब्दशः खोटे नव्हते, परंतु ते प्रामाणिकही नव्हते. 'कर उतरण्याचा संभव आहे, घाई नसेल तर थांबा, दर ठरताच मीच कळवीन' असे सांगणाऱ्याचा त्या महिन्याचा आकडा हुकला असता. त्याला त्याचे फळ पुढच्या महिन्यात मिळालेच असते असेही खात्रीने म्हणता येत नाही. व्यवसायाची नीती पुस्तकात वाचून कळत नाही; ती अशा महिनाअखेरीस कळते.

आणि असे प्रसंग दर महिन्यास येतात. खोटा कमी भाव सांगून गिऱ्हाइकाला शोरूमपर्यंत आणावयाचे आणि तेथे हळूहळू एकेक रक्कम वाढवावयाची, हा मोह या कामात नित्याचा आहे. काही पेढ्यांत तो मोह नसून शिस्त मानली जाते. परंतु इंटरनेटवरील व्यवहारात एक फरक आहे. तोंडी बोललेले हवेत विरून जाते, लिहिलेले राहते. पाठविलेला भाव गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये जपलेला असतो. तो घेऊन ते दुसऱ्या पेढीत जाते, आप्तेष्टांना दाखविते, वेळ आली तर ग्राहक-आयोगापुढेही ठेवते. ज्याचे अक्षर दप्तरात राहावयाचे आहे त्याने शब्द जपून लिहावा, हा धडा कारकुनाप्रमाणे या विक्रेत्यालाही गिरवावा लागतो.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे. ज्याने एका गाडीची किंमत विचारली त्याचा क्रमांक म्हणजे पेढीची मालमत्ता नव्हे. व्यक्तीची माहिती तिच्या संमतीने आणि सांगितलेल्या कामापुरतीच वापरावी, असा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. नको असलेले व्यापारी फोन थांबविण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करण्याची सोय दूरसंचार नियामकाने केलेली आहे. दिवसातून चारदा फोन करून गिऱ्हाइकाला सळो की पळो करणे म्हणजे चिकाटी, असा समज या क्षेत्रात बराच पसरला आहे. वस्तुतः चिकाटी आणि उपद्रव यांतील सीमारेषा ओळखणे हेच या कामातील कौशल्य आहे.

या व्यवसायास माणूस कोणत्या गुणांचा लागतो? फर्डे बोलणारा लागतो असे वाटते. पण ऐकून घेणारा अधिक उपयोगी पडतो. साधे, सुबोध आणि चुकांवाचून लिहिता येणे, हिशेब पक्का असणे, गाडीच्या अंगोपांगांची खरी माहिती असणे, आणि दीडशे माणसांपैकी कोणाला काय कबूल केले आहे याची नोंद ठेवण्याची शिस्त असणे, ही या कामाची शिदोरी होय. तीत भाषेची भर घातली पाहिजे. बेळगावचा मराठी तरुण कानडी बोलतो, बडोद्याचा गुजराती बोलतो, हैदराबादेचा तेलुगू आणि दखनी हिंदी दोन्ही बोलतो. घरात एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलत वाढलेल्या बृहन्महाराष्ट्रातील मुलांना ही आपली मिळकत आहे असे सहसा वाटत नाही. परंतु चेहरा न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला विश्वास देते ती भाषाच. आठ-दहा लाखांचा व्यवहार, आणि तोही बहुधा कर्ज काढून करावयाचा. अशा वेळी माणसाला आपल्या बोलीतून मिळालेले उत्तर धीर देऊन जाते.

आता वडिलांच्या शंकेकडे वळले पाहिजे, कारण ती टाळण्यासारखी नाही. या कामात मूळ पगार बहुधा बेताचा असतो आणि उत्पन्नाचा मोठा भाग विक्रीवर अवलंबून राहतो. इतर लोक सुटीवर असतात तेव्हा शोरूम गजबजलेली असते. रविवार, गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा हे तर कामाचे दिवस. येणाऱ्या विचारणांपैकी कितीतरी पोकळ निघतात. क्रमांक खोटा असतो, फोन उचलला जात नाही, उचलला तर बोलणे तुटकपणे संपते. दिवसाकाठी पन्नास नकार ऐकून एक्कावन्नाव्या माणसाशी पहिल्याइतक्याच सौजन्याने बोलावयाचे, हे सोपे नव्हे. ज्याला ते झेपत नाही तो थोड्याच महिन्यांत सोडून जातो, आणि असे सोडून जाणारे पुष्कळ असतात.

म्हणून नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर स्वीकाराची सही करण्यापूर्वी काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. मूळ पगार किती आणि तो विक्री होवो वा न होवो हाती पडतो काय? गाडी विकली गेली तर तिचे श्रेय फोनवर बोलणाऱ्याला किती आणि शोरूममध्ये गाडी दाखविणाऱ्याला किती? हा नियम लेखी आहे काय? ठरलेली रक्कम बुकिंगच्या वेळी मिळते की गाडी गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर? गिऱ्हाइकाने बुकिंग रद्द केले तर काय? एका माणसाकडे रोज किती विचारणा सोपविल्या जातात? लेखी भाव देण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि दिलेला भाव पेढी पाळते काय? भविष्यनिर्वाह निधी आणि साप्ताहिक सुटी यांची व्यवस्था काय? ही माहिती देण्यास जी पेढी कचरते ती गिऱ्हाइकालाही माहिती देण्यास कचरत असेल, असे समजावयास हरकत नाही. याखेरीज आणखी एक सोपा उपाय आहे. नोकरी पत्करण्यापूर्वी एकदा गिऱ्हाईक म्हणून त्याच पेढीकडे विचारणा पाठवून पाहावी. उत्तर केव्हा येते आणि कसे येते, यावरून आतले हवापाणी कळून येते.

या कामाला भवितव्य आहे काय, हा प्रश्नही रास्त आहे. मर्सिडीज-बेंझ या कंपनीने, जिचा भारतातील कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे, २०२१ च्या ऑक्टोबरपासून आपल्या गाड्या थेट गिऱ्हाइकाच्या नावे विकण्याची पद्धत सुरू केली. गाड्यांचा साठा कंपनीचा, किंमत देशभर एक, आणि पेढ्यांना त्यांच्या सेवेचा मोबदला. २०२५ च्या जुलैत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे पहिले दालन उघडले. या कंपनीची मागणी नोंदविण्याची रीतच इंटरनेटवरची, आणि मध्ये स्वतंत्र पेढी नाही. शिवाय विचारणेला क्षणार्धात उत्तर लिहिणारी यंत्रे आता आलेली आहेत. तासाच्या आत उत्तर देणारा माणूस क्षणात उत्तर देणाऱ्या यंत्राशी शर्यत लावू शकणार नाही. नुसता भाव सांगणे आणि वेळ ठरविणे एवढेच ज्याचे काम आहे, त्याचे काम यंत्राकडे जाण्याचा संभव खरा आहे.

तथापि मोटार ही काही साबणाची वडी नव्हे. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराच्या खालोखाल मोठी खरेदी तीच असते, आणि ती वारंवार होत नाही. कर्जाचा हप्ता झेपेल काय, म्हाताऱ्या आईला चढाउतरायला ही गाडी सोयीची आहे काय, विजेवर चालणारी घेतली तर चाळीच्या किंवा सदनिकेच्या आवारात ती भारित कोठे करावयाची, जुन्या गाडीचा लावलेला भाव रास्त आहे काय, या प्रश्नांची उत्तरे माहितीपुरती यंत्रही देईल. परंतु चुकीच्या उत्तराची जबाबदारी कोणी तरी आपल्या नावावर घ्यावी लागते. गाडी हाती आल्यावर नोंदणीचे पुस्तक वेळेवर आले नाही तर ज्याला फोन करावयाचा त्या माणसाचे नाव गिऱ्हाइकाला ठाऊक असावे लागते. हे नाव होण्याची ज्याची तयारी आहे त्याला या पेढीत नाही तर दुसरीत, विक्रीत नाही तर विमा, कर्ज, जुन्या मोटारी किंवा कारखानदाराच्या विभागीय कचेरीत स्थान मिळण्याजोगे आहे. तेथवर जाणारी वाट मात्र याच फोनवरच्या खुर्चीतून जाते.

विक्री म्हणजे गोड बोलून गळ्यात बांधणे, अशी मराठी मध्यमवर्गाची एक जुनी समजूत आहे. गिऱ्हाइकाचे अज्ञान हेच जेव्हा विक्रेत्याचे भांडवल होते तेव्हा ती समजूत पुष्कळ अंशी खरीही होती. ते भांडवल आता संपले आहे. किंमत सर्वांना दिसते, तुलना सर्वांना करता येते. विक्रेत्यापाशी उरला आहे तो त्याचा शब्द आणि तो पाळण्याची त्याची रीत. ज्या पेढीत या शब्दाला मोल आहे तेथे हा व्यवसाय कोणत्याही कचेरीतील कामाइतकाच सन्मानाचा आहे. ज्या पेढीत तो नाही तेथे इन्सेन्टिव्हचा आकडा कितीही मोठा असला तरी तरुणाने तेथे थांबू नये.

तेव्हा वर्तमानपत्र उचललेल्या वडिलांनी ते क्षणभर खाली ठेवावे, आणि "गाड्या विकणार?" या प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न मुलाला विचारावा: "तू लिहून दिलेला भाव ती पेढी पाळील ना?" या प्रश्नाचे उत्तर मुलाने त्या शोरूममध्ये जाऊन, स्वतः चौकशी करून आणावे. ते होकारार्थी आले, तर आईच्या प्रश्नाचे उत्तरही आज ना उद्या समाधानकारक मिळेल, अशी आशा धरावयास जागा आहे.